मागच्या नळीचा इतिहास

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण पुढून सुरुवात करतात. इंजिन, हॉर्सपॉवर, वेग, शर्यती, मालकांचे फोटो. मागच्या बाजूला जिथून धूर निघतो, त्या नळीबद्दल क्वचितच कोणी लिहितं. गेले काही महिने मी मात्र त्या नळीबद्दलच वाचत होतो. कारण घरगुती आहे. माझ्या भाच्यानं जुनी स्विफ्ट घेतली, तिचा सायलेन्सर गंजून फुटला, आणि नवा कोणता बसवायचा यावर घरात दोन तट पडले. भाच्याला ‘फ्री-फ्लो’ हवा होता. बहिणीला झोप हवी होती. निवाडा माझ्याकडे आला, कारण घरात पुस्तकं वाचणारा मीच.

आमच्या लोकांत एक सवय आहे. विज्ञानाचा विषय निघाला की कोणीतरी बगदादच्या खलिफांपर्यंत जाऊन ‘हे आपल्याकडे आधीच होतं’ असं सिद्ध करतो. बाजूच्या आळीत तेच काम पुष्पक विमानावर बसून चालतं. सायलेन्सरच्या बाबतीत दोन्हीकडच्यांनी निश्चिंत राहावं, हा शोध अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचा आहे. मिल्टन आणि मार्शल रीव्हज या भावांनी 1897 च्या मे महिन्यात इंजिनाच्या धुराच्या नळीवर बसवायच्या मफलरचं पेटंट घेतलं. अमेरिकन लोक अजूनही त्याला मफलरच म्हणतात. आपल्याकडे इंग्रजांचा शब्द आला, सायलेन्सर. बरंच झालं म्हणायचं, नाहीतर थंडीत गळ्याला गुंडाळायचं काय आणि गाडीखाली लटकवायचं काय, याचा गोंधळ झाला असता.

मुळात आवाज होतो कशामुळे? सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं, पिस्टन खाली ढकलला जातो, आणि जळलेला वायू बाहेर जायला झडप उघडते. त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. वायू फुग्यातून सुटल्यासारखा फुटून बाहेर येतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 2,400 फेरे घेत असेल, तर असे स्फोट सेकंदाला 80 होतात. म्हणजे सायलेन्सर नसलेली मोटार ही चाकांवरची तोफच. सायलेन्सरच्या डब्यात भोकांच्या नळ्या आणि कप्पे असतात. आवाजाची लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते, भिंतीवर आपटून परत येते, आणि येणारी-जाणारी लाट एकमेकींना मारतात. दुसऱ्या प्रकारात भोकांच्या नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते आणि आवाज तिच्यात जिरतो. पहिल्यात आवाज जास्त दबतो पण वायूची वाट वाकडी होते. दुसऱ्यात वाट सरळ राहते पण आवाज कमी दबतो. भाच्याचा आणि बहिणीचा वाद तांत्रिक भाषेत एवढाच होता.

या शोधाच्या आसपासचा एक योगायोग मला सोडवत नाही. हायरम मॅक्सिम यांनी मशीनगन बनवली. 2 सप्टेंबर 1898 रोजी सुदानमधल्या ओमदुरमानच्या मैदानात इंग्रजांच्या मॅक्सिम गन, तोफा आणि रायफलींपुढे महदीपंथी सैन्यातले दहा हजारांच्या वर माणसं एका सकाळी मेली. स्वतः मॅक्सिम आपल्याच बंदुकांच्या आवाजानं म्हातारपणी जवळजवळ ठार बहिरे झाले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम आधी मोटारी बनवण्याच्या धंद्यात होता. त्यानं 1909 मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि पुढे त्याच्या कंपनीनं इंजिनांचे सायलेन्सर बनवण्यात नाव काढलं. बापानं जगाला आवाज दिला, मुलानं तो दाबायचा धंदा केला. ज्या 1898 सालात ओमदुरमान झालं, त्याच साली मुंबईत पहिल्या मोटारी उतरल्या. जमशेटजी टाटा त्यांच्या पहिल्या मालकांपैकी एक.

त्या काळच्या मोटारींत ‘कट-आउट’ नावाची एक सोय असे. ड्रायव्हरच्या पायाशी किंवा हाताशी एक दांडा असायचा. तो ओढला की धूर सायलेन्सरमध्ये न जाता मधूनच थेट बाहेर पडायचा. चढ आला की ड्रायव्हर कट-आउट उघडत, कारण सायलेन्सर इंजिनाची ताकद खातो अशी सगळ्यांची खात्री होती. त्यात तथ्यही होतं, तेव्हाचे डबे खरोखरच वायूचा गळा आवळत. पण चढ संपला तरी दांडा तसाच राहू लागला, घोडे बिथरू लागले, लोक चिडले आणि एकेका शहरानं कट-आउटवर बंदी घातली. म्हणजे आज लांज्याच्या बाजारपेठेतून रात्री साडेदहाला कान फोडत जाणारी पोरं काही नवीन करत नाहीत. त्यांच्या पणजोबांच्या वेळच्या साहेबांनी हे सगळं करून सोडलेलं आहे.

आता आमच्या गावाकडे येतो. लांजा हे मुंबई-गोवा रस्त्यावरचं गाव. या रस्त्याचा पूर्वीचा नंबर 17, आताचा 66. हातखंब्याकडून येताना आंजणारीचा काजळी नदीवरचा पूल, मग वेरळचा घाट, मग लांजा, आणि पुढे राजापूरकडे जाताना वाकेड. चढ-उतार, वळणं आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मुंबईत दहा वर्षं टिकणारा सायलेन्सर आमच्याकडे निम्म्या आयुष्यात जातो. त्यात चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललं, आणि खड्ड्यांत डबा आपटून रबराचे हँगर तुटणं ही आमच्या गॅरेजवाल्यांची रोजची कमाई झाली.

सायलेन्सर बाहेरून गंजतो हे सगळ्यांना दिसतं. तो आतून जास्त गंजतो, हे मला गॅरेजवाल्या चाचांनी दाखवलं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला खोटं वाटतं, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळाला की पाणीच होणार. इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. घरापासून बाजारापर्यंत, बाजारापासून मशिदीपर्यंत, अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत डबा तापतच नाही आणि ते पाणी आत साचतं. सीएनजीवर तर पाणी आणखी जास्त. चाचांनी भाच्याच्या गाडीचा काढलेला डबा उभा केला, तर आतून तांबडं पाणी पडलं. डब्याच्या खाली सुईएवढं भोक असतं ते कशासाठी, हे कळायला एवढं पुरेसं होतं. कित्येक जण ते ‘लीक आहे’ म्हणून वेल्डिंग करून बुजवून घेतात.

या चाचांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा इतिहास त्यांचाही आहे. कोकणी मुसलमानांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जहाजावर गेली. कोणी खलाशी, कोणी टंडेल, कोणी सारंग. पुढे आखात उघडलं, तेव्हा तीच माणसं ड्रायव्हर, फिटर, वेल्डर म्हणून कुवेत-दुबईला गेली. परत आली तेव्हा हातात पैशाबरोबर कसबही होतं. हायवेवरच्या प्रत्येक गावात असं एखादं गॅरेज सापडतं. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान कारागीर कोणत्या धंद्यांत जास्त आहेत याचा हिशेब आहे, त्यात विडी आणि कापड यांच्याबरोबर मोटार दुरुस्तीही आहे. शाळेत टिकला नाही तर ‘गॅरेजला लाव’ हे आमच्या मोहल्ल्यातलं वाक्य त्या आकड्यांमागे आहे. आकडे मांडताना आपण ते गरिबीचं लक्षण म्हणून मांडतो. चाचांचं काम पाहताना मला ते विद्येचं वाटतं. नळीवर बोटानं टिचकी मारून पत्रा किती उरलाय हे सांगणारा माणूस अडाणी कसा?

चाचांकडे भाच्यानं मोबाइलमध्ये तीन डबे दाखवले. पहिला, मूळ कंपनीच्या नमुन्याचा. दुसरा, बाजारातला ‘स्पोर्ट्स’ डबा, चकचकीत, मनगट जाईल एवढ्या तोंडाचा. तिसरा तर पूर्ण संच, इंजिनापासून शेपटापर्यंत, मधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फाटा देणारा. किंमत ऐकून मी चहा मागवला.

या तिसऱ्याबद्दल आधी लिहितो, कारण खरा इतिहास त्याच मधल्या डब्यात आहे.

1921 मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना आढळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं की इंजिनाचं ठोकणं थांबतं. 1923 पासून ते विकायला आलं. नावात शिसं येऊ नये म्हणून त्याला ‘इथाइल’ म्हटलं गेलं. पुढच्याच वर्षी ते बनवणाऱ्या न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही पन्नास वर्षं जगभरच्या मोटारी मागच्या नळीतून शिसं ओकत राहिल्या, आणि त्या नळीच्या उंचीवर ज्यांचं नाक येतं ती लहान मुलं ते ओढत राहिली. शिसं मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं.

दुसरीकडे यूजीन हूड्री हा फ्रान्समधून अमेरिकेत गेलेला अभियंता लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर उपाय शोधत होता. 1950 च्या दशकात त्यानं धुराच्या नळीत बसवायचा एक डबा बनवला. आत मौल्यवान धातूचा पातळ थर. विषारी वायू त्यावरून जाताना तिथल्या तिथे निरुपद्रवी वायूत बदलतात. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अडचण एकच होती. पेट्रोलमधलं शिसं त्या थरावर बसून तो निकामी करी. म्हणजे डबा हवा असेल तर शिसं जायला हवं. अमेरिकेत कायदा कडक झाला, 1975 च्या मोटारींत हे डबे आले, आणि शिसेविरहित पेट्रोल पंपावर आणणं भाग पडलं. मुलांच्या मेंदूसाठी जे लवकर झालं नाही, ते एका पत्र्याच्या डब्यासाठी झालं. जगात शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तिथे ते 2021 च्या जुलैमध्ये थांबलं.

आपल्याकडे एम. सी. मेहता यांनी 1985 मध्ये वाहनांच्या धुराबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयानं 1991 मध्ये न्या. के. एन. सैकिया यांची समिती नेमली. 1 एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे शिसेविरहित पेट्रोल आलं. देशभर शिसं जायला 1 फेब्रुवारी 2000 उजाडला. मधली पाच वर्षं मोठी मजेची होती. आमच्या नात्यातले एक गृहस्थ मुंबईहून नवी मोटार घेऊन ईदला गावी येत, तेव्हा डिकीत पेट्रोलचे कॅन भरून आणत. आम्हा मुलांना वाटायचं, मुंबईच्या माणसाला गावचं पेट्रोलसुद्धा चालत नाही, केवढा हा रुबाब! त्यांचं म्हणणं साधं होतं: साध्या पेट्रोलच्या दोन-तीन टाक्या भरल्या तर मागचा डबा मेला.

त्यानंतर भारत स्टेज आले. तिसरा टप्पा देशभर 2010 मध्ये, चौथा 1 एप्रिल 2017 ला, आणि पाचवा वगळून थेट सहावा 1 एप्रिल 2020 ला. पेट्रोल-डिझेलमधलं गंधक चौथ्या टप्प्यात दहा लाख भागांत 50 भाग होतं, सहाव्यात 10. गंधकही कन्व्हर्टरचा शत्रूच.

या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतात. चोरांना हे आपल्या आधी कळलं. 2021 च्या सुमारास मुंबई-पुण्याकडे इको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून कापून नेण्याचे गुन्हे सर्रास होऊ लागले. आतली राखाडी भुकटी विकली जायची. भाच्याच्या तिसऱ्या पर्यायात हा मधला डबा काढून सरळ नळी जोडायची होती. मी त्याला म्हटलं, “चोर निदान पैसे मिळवतो, तू पैसे देऊन तो काढून घेणार?” त्यावर तो म्हणाला, “मामू, पिकअप वाढतो.” वाढतो का? थोडासा, वरच्या फेऱ्यांत. पण स्विफ्टमध्ये कन्व्हर्टरच्या जवळ ऑक्सिजन सेन्सर असतो. तो संगणकाला सांगतो की पेट्रोल कमी घाल की जास्त. डबा काढला की पॅनेलवर पिवळा दिवा लागतो, ॲव्हरेज पडतो, आणि नळीतून कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर येतो. बंद गॅरेजमध्ये हा वायू माणूस मारतो. तो पर्याय तिथेच बाद झाला.

राहिले दोन. इथे एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. ‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच’ असं जुने मिस्त्री सांगतात, आणि ‘नळी जितकी मोठी तितकी ताकद’ असं पोरं सांगतात. दोन्ही अर्धवट आहेत. इंजिनाला अडथळा नको असतो, पण वायूचा वेग हवा असतो. एका सिलिंडरचा वायू वेगानं निघाला की त्याच्या मागे पोकळी होते, आणि ती पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेते. नळी गरजेपेक्षा रुंद केली की वेग पडतो आणि ती ओढ जाते, विशेषतः कमी फेऱ्यांवर. शर्यतीच्या गाडीला सहा हजार फेऱ्यांवर ताकद हवी. वेरळच्या घाटात पुढे उसाचा नाही तर चिऱ्यांचा ट्रक असतो, तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवर रांगत असता. तिथे रुंद नळीची गाडी आवाज जास्त करते आणि चढते कमी. शिवाय त्याच फेऱ्यांवर सरळ डब्याची घुमी आत बसलेल्यांच्या डोक्यात भरते. सेकंदाला साधारण 67 ठोके, लांज्यापासून पनवेलपर्यंत. मागच्या सीटवर आई बसणार आहे, हे भाचा विसरला होता.

धातूचंही ऐका. साधा लोखंडी डबा सगळ्यात स्वस्त आणि आमच्या पावसात सगळ्यात आधी जाणारा. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा त्याहून बरा, पण वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो आणि तिथूनच गंज धरतो. स्टेनलेसमध्ये 409 नंबरचा पत्रा बहुतेक कंपन्या वापरतात, तो वरून तांबूस दिसतो पण टिकतो. 304 उत्तम आणि महाग. खाडीच्या खाऱ्या हवेतल्या गावांत, म्हणजे साखरतर, जयगडकडे, मी 304 च्या खाली जाऊ नका म्हणेन. नळी वाकवलेली पाहा. वळणावर ती चेपलेली असेल तर बाहेर कितीही चकाकू द्या, आत वाट अरुंदच आहे.

कायद्याचं म्हणाल, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर कलम 190 (2) खाली दहा हजारांपर्यंत दंड, आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. मोटारीला चाचणीत 74 डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचा हिशेब फसवा असतो. 74 चे 94 झाले म्हणजे वीसच वाढले असं वाटतं, पण आवाजाची ऊर्जा शंभर पट होते.

पण मला सगळ्यात आवडला तो 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला 112 वा नियम. धुराची नळी खाली किंवा डावीकडे तोंड करून नसावी, मागे, उजवीकडे किंवा वर असावी. डावीकडे का नाही? कारण आपण डावीकडून गाडी चालवतो, आणि रस्त्याच्या डाव्या कडेनं माणसं चालतात. सगळ्या रुक्ष नियमावलीत कोणीतरी पायी चालणाऱ्याच्या नाकाचा विचार करून एवढी ओळ लिहून ठेवली आहे. पूर्ण मोटारीत मालकाच्या काहीच उपयोगाचा नसलेला, निव्वळ दुसऱ्यांसाठी विकत घेतलेला असा हा एकच भाग. म्हणूनच तो बदलताना सगळ्यांचा हात आधी तिथेच जातो.

आवाजाचा विषय निघाला आणि मी मराठी मुसलमान म्हणून लिहितोय, तेव्हा भोंग्याचं टाळून पुढे जाणं बरं नव्हे. मुंबईत आवाजाविरुद्ध डॉ. यशवंत ओक 1980 च्या दशकात न्यायालयात गेले. पुढे सुमैरा अब्दुलअली यांनी आवाज मोजायचं यंत्र घेऊन मिरवणुका, फटाके, हॉर्न, भोंगे सगळ्यांसमोर उभं राहायला सुरुवात केली आणि 2006 मध्ये आवाज फाउंडेशन काढलं. त्यांनी यंत्र धरताना कोणाचा आवाज आहे ते विचारलं नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठानं निकाल दिला की लाउडस्पीकर हा कोणत्याच धर्माचा अनिवार्य भाग नाही. आपल्यातल्या अनेकांना तो निकाल बोचला. मला तो पटतो. सूरह लुकमानमध्ये आवाज खाली ठेवण्याचा बापाचा मुलाला उपदेश आहे, आणि त्यात गाढवाच्या ओरडण्याचा दाखलाही आहे. फजरच्या वेळी मोहल्ल्यात तीन भोंगे आणि इशाच्या नंतर तीन फ्री-फ्लो गाड्या, यांत मला तरी फारसा फरक करता येत नाही.

भाच्याला हे सगळं सांगताना एक गोष्ट मी वेगळ्या आवाजात सांगितली. कर्कश गाडी कोणत्याही आळीतली असो, त्रास सारखाच. पण नाक्यावर ती थांबवली गेली आणि लायसन्सवर आपलं नाव निघालं, की ती एका पोराची गाडी राहत नाही, ‘त्यांची’ होते. हे न्याय्य नाही. पण ते आहे. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवलेत. ते व्हिडिओ लोक पुन्हा पुन्हा पाहतात. त्याखालच्या कॉमेंट वाचाव्यात.

धुराच्या इतिहासात ज्यांची बाजू कधी लिहिली जात नाही, ते मुंबईचे टॅक्सीवाले. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून जी फिॲट निघाली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. कोकणातल्या कितीतरी घरांची शिक्षणं, लग्नं आणि हज त्या काळ्या-पिवळ्या गाडीवर झाली. पद्मिनीचा धूरही तसाच काळा. अनेकांनी खर्च वाचवायला तिच्यात डिझेल इंजिन टाकलं. तेव्हा धुरानं त्रासलेल्या रहिवाशांचा मंच न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयानं 1999 च्या डिसेंबरात राज्याचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जा नाहीतर रस्त्यावरून जा, असा हुकूम झाला. मुंबईची हवा त्यानं सुधारली, यात शंका नाही. पण सिलिंडरचं किट स्वतःच्या खिशातून बसवणारा, भरायला तासन्‌तास रांगेत उभा राहणारा आणि त्या रांगेत धंदा बुडवणारा माणूस कोणत्या अहवालात आहे? दक्षिण मुंबईच्या रहिवाशाचं फुप्फुस आणि टॅक्सीवाल्याचा हप्ता हे एकाच तराजूत तोलले गेले असते तर बरं झालं असतं. फुप्फुस तर टॅक्सीवाल्यालाही होतं, आणि धूर बारा तास तोच ओढत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत एकही उरली नाही.

भाच्यानं अखेर मूळ नमुन्याचाच डबा घेतला, 409 च्या पत्र्याचा. चाचांनी जुना कन्व्हर्टर साफ तपासला, तो शाबूत होता. मधली गंजलेली नळी कापून तेवढ्याच व्यासाची स्टेनलेसची जोडली, नवे रबर टाकले आणि खालचं पाण्याचं भोक उघडं ठेवलं. भाच्याच्या समाधानासाठी शेवटी एक चकचकीत टोपी बसवली. तिनं आवाजात काडीचा फरक पडत नाही.

काम चालू होतं तेव्हा मी चाचांना नव्या गाड्यांबद्दल विचारलं. सहाव्या टप्प्याच्या डिझेल गाड्यांच्या नळीत काजळी पकडणारी गाळणी असते. ती साचलेली काजळी जाळायला आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते मिळायला गाडी हायवेवर सलग पळायला हवी. बाजारापर्यंतच फिरणाऱ्यांच्या गाळण्या तुंबतात. ती मोकळी करायला संगणक जोडावा लागतो, आणि तो संगणक चाचांकडे नाही. “अशी गाडी आली की मी हात जोडतो, रत्नागिरीला पाठवतो,” ते म्हणाले. त्यांच्या पोराला ते हे काम शिकवत नाहीत.

1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. 1 जून 2022 रोजी त्याच मार्गावर एसटीची पहिली विजेवरची बस निघाली. तिला मागची नळीच नाही. युरोपात तर अशा मुक्या गाड्यांच्या नव्या मॉडेलना 2019 च्या जुलैपासून हळू चालताना कृत्रिम आवाज काढणं सक्तीचं आहे, नाहीतर अंध माणसाला गाडी आलेली कळत नाही. मी हे चाचांना सांगितलं, तर त्यांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, “आवाज बंद करायला पैसे, आता काढायला पण पैसे?” मग खाली वाकून हँगरचा बोल्ट आवळत म्हणाले, बॅटरीची गाडी असली तरी चासी लोखंडाचीच ना, आमच्या पावसात ती गंजेलच.